‘क्रॉनिक’ म्हणजे किती दिवसांचं?

डॉक्टरकाकू, नमस्कार.

माझे बाबा ६१ वर्षांचे आहेत. त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या आठवड्यात त्यांची नेहमीची वार्षिक रक्ततपासणी केली. रिपोर्टमध्ये ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा, ५२ आलाय आणि खाली बारीक अक्षरांत ‘क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज ३ए’ असं छापलंय. रिपोर्ट माझ्या फोनवर आला, त्यामुळे बाबांनी तो अजून पाहिलेला नाही. आईने ‘क्रॉनिक’ वाचलं आणि ती खचलीच. तिच्या मते क्रॉनिक म्हणजे आता कधीच बरं न होणारं. दादा म्हणतो, तिसरी स्टेज म्हणजे शेवटच्या आधीची. किडनी कोण देणार, इथपर्यंत तो पोचलाय. वर ‘बाबांनी पथ्य पाळलं असतं तर ही वेळ आली नसती’ हेही ऐकवतो. डॉक्टरांची वेळ नऊ दिवसांनंतरची मिळाली आहे. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. क्रॉनिक या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून? आणि बाबांना हे सांगायचं की नाही?

— एक मुलगी

प्रिय मुली,

तू आधी शब्दाचा अर्थ विचारलास, हे फार बरं केलंस. तुझी आई खचली ती ५२ या आकड्याने नाही, त्याखालच्या शब्दाने. दादाही शब्दानेच घाबरलाय. तेव्हा आधी तो शब्द नीट बघू आणि मग बाबांकडे वळू.

क्रॉनिक हा शब्द आजार किती वाईट आहे ते सांगत नाही. किती दिवसांचा आहे, एवढंच सांगतो. ग्रीक भाषेत ‘ख्रोनोस’ म्हणजे काळ, आणि त्यावरून ‘ख्रोनिकोस’ म्हणजे काळाचा, काळाशी बांधलेला. घटनांचा क्रम लावणारी क्रोनॉलॉजी आणि जहाजावरचं अचूक घड्याळ क्रोनोमीटर ही त्याचीच भावंडं. शब्दाच्या पोटात घड्याळ आहे. ‘बरा न होणारा’ हा अर्थ त्यात कुठेही नाही, आणि ‘गंभीर’ हाही नाही.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण एकदा या शब्दाने मीच एका माणसाला घाबरवलं होतं. प्रॅक्टिसची पहिली वर्षं होती. दवाखान्यात गर्दी होती. पन्नाशीच्या एका गृहस्थांना मी म्हटलं, ‘‘तुमचं हे क्रॉनिक आहे, औषध नियमित घ्या,’’ आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. दहा दिवसांनी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. नवऱ्याने मुलाला परगावाहून बोलावून घेतलं होतं आणि रात्री बसून बँकेची कागदपत्रं समजावून दिली होती. त्यांना झालं काय होतं? सायनसची जुनी सूज. बारा आठवड्यांहून जास्त टिकली म्हणून तिला क्रॉनिक म्हणायचं, एवढंच. त्या बाईंचा चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून हा शब्द तोंडातून गेला, की पुढचं वाक्य मी लगेच बोलते: ‘‘म्हणजे किती दिवसांपासूनचा, ते सांगते.’’

आता याचा जोडीदार बघ, ‘ॲक्यूट’. हे दोन शब्द एकमेकांच्या आधाराने उभे आहेत, एकटा वाचला की चकवतो. ॲक्यूट आलाय लॅटिनमधल्या ‘आकूतुस’वरून, म्हणजे धार लावलेला, टोकदार. त्याच कुळात ‘आकुस’ म्हणजे सुई. ॲक्युपंक्चरमधला ‘ॲक्यु’ म्हणजे हीच सुई. लॅटिनच्या आधी ग्रीक वैद्य अशा आजारांना ‘ऑक्सिस’ म्हणत, तोही अर्थ टोकदारच. जीभ टोचणाऱ्या आंबट चवीलाही ग्रीक लोक ऑक्सिसच म्हणत. सगळ्या आम्लांत ऑक्सिजन असतोच, असा अठराव्या शतकात लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा समज होता, म्हणून त्याने त्या वायूच्या नावात हा शब्द घातला. समज चुकीचा निघाला, नाव राहिलं.

तर ॲक्यूट म्हणजे सुईसारखा, एकदम टोचून येणारा आजार. क्रॉनिक म्हणजे काळाच्या ओघात चालणारा. आपण मराठीत ॲक्यूटला ‘तीव्र’ म्हणतो आणि इथेच गाडी घसरते. तीव्र म्हटलं की आपल्याला जोर आठवतो, आणि मग क्रॉनिक हा त्याच शिडीवरची कुठलीतरी पायरी वाटू लागतो. कुणी त्याला तीव्रच्या वरची पायरी समजतं आणि हाय खातं. कुणी तीव्रच्या उलट म्हणजे सौम्य समजून दुर्लक्ष करतं. दोघांचंही नुकसान होतं. साधी सर्दी ॲक्यूट असते आणि हृदयविकाराचा झटकाही ॲक्यूटच असतो. क्रॉनिकमध्ये वर्षानुवर्षं उठणारं अंगावरचं पित्त येतं आणि पूर्ण निकामी झालेलं मूत्रपिंडही येतं. या शब्दांनी वेळ मोजायची. जोर मोजायला वेगळी मापं आहेत.

रोजच्या बोलण्यात आपण क्रॉनिकला ‘जुनाट’ म्हणतो. मला तो शब्द फारसा आवडत नाही, त्याला गंज चढल्याचा वास येतो. वैद्यकाच्या मराठी पुस्तकांत ‘चिरकारी’ हा शब्द सापडतो, तो मात्र मला मनापासून आवडतो. चिर म्हणजे दीर्घकाळ. चिरकाल, चिरपरिचित यांच्यातला आणि चिरंजीवमधलाही तोच. पत्रात मुलाच्या नावाआधी आपण जो ‘चि.’ लिहितो, त्यात आणि चिरकारी आजारात एकच ‘चिर’ आहे. आईला हे जरूर सांग. ज्या अक्षराने आपण पोराला दीर्घायुष्य चिंततो, ते अक्षर घाबरण्यासारखं नाही.

(क्रोन्स डिसीज नावाचा आतड्याचा एक आजार आहे, त्याचा ख्रोनोसशी काही संबंध नाही. बरिल क्रोन या डॉक्टरने १९३२ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून त्याचं आडनाव लागलं. कुणी दोन्हींची सरमिसळ करून आईला आणखी काही सांगण्याआधी हे तुला माहीत असावं.)

ही विभागणी खूप जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर जे ग्रीक वैद्यकग्रंथ आहेत, त्यांतला एक फक्त ॲक्यूट आजारांतल्या पथ्याबद्दल आहे. छातीत होणारी सूज, जळजळीत ताप, असे ते आजार. त्यात काही दिवसांतच निकाल लागे. रोगी उठे नाहीतर जाई, आणि ज्या दिवशी पारडं फिरे त्या दिवसाला ते ‘क्रिसिस’ म्हणत. क्रिसिस म्हणजे निवाडा. आज आपण संकटाला क्रायसिस म्हणतो, तो शब्द रोग्याच्या खाटेपासूनच निघालाय. क्रॉनिक आजारात असा निवाड्याचा दिवस नसतो. तुझ्या घरात सगळे जणू उद्याच निकाल लागणार असल्यासारखे बसले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मग येतो कॅपाडोशियाचा अरेटिअस, आजच्या तुर्कस्तानच्या भागातला, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला वैद्य. त्याने आजारांचे सरळ दोन ढीग केले, ॲक्यूट आणि क्रॉनिक, आणि दोन्हींची कारणं, लक्षणं, उपचार वेगवेगळे लिहिले. त्याच्या क्रॉनिक आजारांच्या पुस्तकात एक प्रकरण आहे ते मधुमेहाचं. म्हणजे तुझ्या बाबांचा आजार या शब्दाशी जवळजवळ दोन हजार वर्षांपासून जोडलेला आहे. मांस आणि हातपाय वितळून लघवीतून वाहून जावेत असा हा आजार, असं त्याने लिहिलंय. पुढे तो म्हणतो, की हा तयार व्हायला फार काळ लागतो, पण एकदा पुरता जडला की रोगी फार दिवस जगत नाही. क्रॉनिक हा शब्द तो रोगाच्या चालीसाठी वापरत होता. त्या चालीच्या शेवटी काय घडेल, हे त्याला वेगळं सांगावं लागलं, कारण शब्दात ते नव्हतंच.

पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या कायलिअस ऑरेलियानुसने हीच विभागणी लॅटिनमध्ये नेली. ॲक्यूट आजारांना त्याने ‘वेगवान’ म्हटलं आणि क्रॉनिकला ‘संथ’. मला हे दोन शब्द सगळ्यांत प्रामाणिक वाटतात. संथ नदी खोल असू शकते, उथळही असू शकते. उतरल्याशिवाय कळत नाही.

मग या साध्या, संथ शब्दाला एवढी भीती कुठून चिकटली? आणि दादाच्या तोंडी आहे तो दोष? माझ्या मते त्यातला बराचसा सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधून आलाय. थॉमस सिडनहॅम (१६२४–१६८९) हा मोठा वैद्य, रोग्याजवळ बसून रोग बघायला शिकवणारा. पण त्याने असं लिहून ठेवलं, की ॲक्यूट आजार बहुतेक देवाकडून येतात आणि क्रॉनिक आजार आपण स्वतः ओढवून घेतो. हा विचार फार खोल रुजला. आजही ताप आलेल्या माणसाला कुणी जाब विचारत नाही, मधुमेह झालेल्याला मात्र सगळे विचारतात. आता सिडनहॅमचीच गोष्ट ऐक. त्याला स्वतःला अनेक वर्षं गाउट होता, सांधे सुजून अंथरुणाला खिळवणारा. शिवाय मुतखडे होते. १६८३ मध्ये त्याने गाउटवर जे लिहिलं ते स्वतःच्या दुखण्यातून लिहिलं, आणि ते आजही अचूक वाटतं. या आजारात शरीराची ठेवण आणि आनुवंशिकता यांचा केवढा वाटा असतो, हे आज आपल्याला कळतं. त्या काळी ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून मी त्याला दोष देत नाही. पण दादाने मात्र ते वाक्य आता सोडून द्यावं. मधुमेहात मूत्रपिंडावर परिणाम होतो तो साखरेमुळे, रक्तदाबामुळे, अंगच्या जनुकांमुळे आणि निव्वळ वर्षं उलटल्यामुळेही. पथ्य चोख पाळणाऱ्यांनाही तो होतो. दोष दिल्याने एकच गोष्ट घडते, आणि ती मी खूप घरांत पाहिली आहे: माणूस तपासणी टाळायला लागतो.

भीतीची एक उलट बाजूही सांगायला हवी. गेल्या शंभर वर्षांत ‘क्रॉनिक झाला’ ही कित्येकदा आनंदाची बातमी ठरली आहे. ज्या मधुमेहात शरीर इन्शुलिन बनवतच नाही, तो लहान मुलांना झाला तर पूर्वी काही महिन्यांत, फार तर वर्षा-दोन वर्षांत मूल हाती लागत नसे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिन टोचलं गेलं, आणि त्यानंतर तो आजार क्रॉनिक झाला. म्हणजे मुलं जगायला लागली. एचआयव्हीचंही तसंच. १९९६ च्या सुमारास एकत्रित औषधांचा उपचार आला आणि मृत्युदंडासारखा वाटणारा आजार क्रॉनिकच्या यादीत आला. त्या घरांतून हा शब्द कानावर पडला तेव्हा माणसं सुटकेने रडली असतील. शब्द तोच. आधी काय होतं, त्यावरून तो सुखाचा की दुःखाचा ते ठरतं.

आता आईचं म्हणणं. क्रॉनिक म्हणजे बरं न होणारं, हे खरं आहे का? पुष्कळ क्रॉनिक आजार पूर्ण जात नाहीत, हे खरं. पण तो त्या आजारांचा स्वभाव आहे, शब्दाचा अर्थ नाही. हिपॅटायटिस सी या विषाणूचा संसर्ग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिला की त्याला क्रॉनिक म्हणतात, आणि आज आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो शंभरातल्या पंचाण्णवाहून जास्त लोकांत मुळापासून जातो. क्रॉनिक आहे आणि बराही होतो. पोटातल्या एका जंतूमुळे जठराला येणारी क्रॉनिक सूजही तशीच, योग्य औषधांनी जंतू जातो. तो जंतू शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं.

डॉक्टर हा शब्द कसा वापरतात, ते बघितलं की गंमत कळते. प्रत्येक आजाराचं कॅलेंडर वेगळं आहे. मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांपलीकडे गेला की क्रॉनिक, लहान मुलाचा चार आठवड्यांतच. अंगावरचं पित्त सहा आठवड्यांनी, वेदना तीन महिन्यांनी. क्रॉनिक ब्राँकायटिस ठरवायला लागोपाठ दोन वर्षं, दर वर्षी तीन महिने कफाचा खोकला हवा. या सगळ्या मोजपट्ट्या माणसांनी एकत्र बसून ठरवल्या आहेत, आणि सगळ्या एकच प्रश्न विचारतात: कधीपासून?

हाच प्रश्न घेऊन आता बाबांच्या कागदाकडे ये.

क्रॉनिक किडनी डिसीज हे नाव नेमक्या व्याख्येसह २००२ मध्ये रूढ झालं. त्याआधी प्रत्येक जण वेगळे शब्द वापरायचा, आणि त्यांतले बरेच ‘फेल्युअर’ने संपायचे. नव्या व्याख्येत अट आहे की मूत्रपिंडातला बिघड तीन महिन्यांहून जास्त टिकलेला असला पाहिजे. तुझ्या पत्रात मी दोनदा शोधलं, मागच्या वर्षीचा आकडा कुठे दिसतो का ते. तू फक्त या एका तपासणीबद्दल लिहिलंयस. मग सांग, एका सकाळी काढलेल्या रक्ताने तीन महिन्यांची साक्ष कशी द्यायची? प्रयोगशाळेचं यंत्र आकडा काढतं, आणि आकडा ६० च्या खाली आला की कित्येकदा ते वाक्य आपोआप छापलं जातं. ते निदान नाही. काळाचा शब्द एका दिवसाच्या कागदावर लिहिता येत नाही.

ईजीएफआरमधला ‘ई’ म्हणजे अंदाजे. मूत्रपिंडं मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात, त्याचा हा अंदाज. तो रक्तातलं क्रिॲटिनीन, वय आणि स्त्री की पुरुष यांवरून गणिताने काढतात. निरोगी तरुण माणसात तो शंभरच्या आसपास किंवा वर असतो, आणि चाळिशीनंतर साधारण दर वर्षी एकेकाने उतरत जातो. क्रिॲटिनीन या नावातही एक खूण आहे. ग्रीक ‘क्रेआस’ म्हणजे मांस. हा पदार्थ स्नायूंतून येतो, म्हणून ते नाव. त्यामुळे अंगाने कमावलेल्या माणसात तो मुळातच जास्त असतो. आदल्या दिवशी भरपूर मांसाहार झाला, खूप व्यायाम झाला, जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं, ताप आला, दुखण्यावरच्या गोळ्या घेतल्या, तर क्रिॲटिनीन चढतं आणि ईजीएफआर तेवढ्यापुरता उतरतो. बाबांच्या बाबतीत असं काही झालं होतं का, ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही. ते एकाच माणसाला माहीत आहे.

दादाला स्टेजबद्दल एवढं सांग. कॅन्सरमधली स्टेज आणि ही स्टेज यांचं एकमेकांशी काही नातं नाही. मूत्रपिंडाच्या पाच पायऱ्या फक्त ईजीएफआरच्या आकड्यावर पाडल्या आहेत. तिसरी ३० ते ५९. ती फार लांब आहे म्हणून तिचे दोन तुकडे केले, आणि ३ए म्हणजे ४५ ते ५९. पाचवी १५ च्या खाली. प्रत्यारोपणाची बोलणी साधारण २० च्या आसपास सुरू होतात. ५२ आणि २० यांच्यामध्ये पुष्कळ रस्ता आहे, आणि तिसऱ्या पायरीवरच्या बहुसंख्य माणसांना आयुष्यात डायलिसिस लागत नाही. दादाच्या मनात आज किडनी द्यायचा विचार आला, यातलं प्रेम मला दिसतं. पण त्याची गरज आत्ता तिथे नाही.

खोटा धीर मात्र मी देणार नाही. १४ वर्षांचा मधुमेह आहे, त्यामुळे आकडा पुन्हा तसाच येण्याची शक्यता खरी आहे. तसं झालं तर शब्द बरोबर ठरेल, आणि हा विशिष्ट आजार सहसा पूर्ण मागे फिरत नाही. मात्र त्याची चाल मंद करता येते, बऱ्याच जणांत खूपच मंद. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणं हा पाया. मूत्रपिंडाला आधार देणारी रक्तदाबाची औषधं अनेक वर्षांपासून आहेत. त्यांच्या जोडीला मधुमेहासाठी आलेला एसजीएलटी२ इनहिबिटर नावाचा गोळ्यांचा गट मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो, हे २०१९ पासूनच्या मोठ्या चाचण्यांत दिसलं. बाबांना यांतलं काय लागू पडेल, ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. या टप्प्यावर खरी काळजी मूत्रपिंडाइतकीच, किंबहुना जास्त, हृदयाची घ्यायची असते. बाबा तंबाखू किंवा सिगारेट घेत असतील, तर ती सोडण्याबद्दलही त्या भेटीत बोला.

भेटीत दोन गोष्टी नक्की विचार. एक, रक्ताची तपासणी पुन्हा कधी करायची? हा आकडा पहिल्यांदाच आला असेल, तर सहसा आठवड्या-दोन आठवड्यांत एकदा परत बघतात, घसरण अचानक झालेली तर नाही ना ते कळायला. मग तीन महिन्यांनी पुन्हा, शब्द लागू होतो का ते ठरवायला. दोन, लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी झाली आहे का? ईजीएफआर एकटा अर्धीच गोष्ट सांगतो. मूत्रपिंडाच्या चाळणीतून प्रथिनं गळतात का, हे लघवीच्या या तपासणीतून कळतं, आणि पुढचा धोका किती हे बरंचसं त्यावर ठरतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या बाबांनी या नऊ दिवसांत स्वतःहून घेऊ नयेत. किडनी साफ करणारी म्हणून कुणी काही चूर्ण-काढा सुचवेल, तोही नको. चालू असलेलं कुठलंही औषध मनाने बंद करू नका. आणि लघवी एकदम कमी झाली, पाय किंवा चेहरा सुजला, दम लागू लागला, उलट्या थांबेनात, तर नऊ दिवसांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

राहिला तुझा दुसरा प्रश्न. बाबांना सांगायचं का? हो. आजच. रक्त त्यांचं, रिपोर्ट त्यांचा, आणि घरात तीन माणसं कुजबुजत असताना चौथ्याला काहीच कळत नाही असं होत नसतं. त्यांना वाटत असेल, की काहीतरी फार भयंकर आहे म्हणूनच कुणी बोलत नाही. न सांगून तुम्ही त्यांना भीतीपासून वाचवत नाही आहात, भीतीत एकटं सोडता आहात. शिवाय एक रोखठोक कारण आहे, ते मी वर अर्धवट सोडलं. तपासणीच्या आधी ताप आला होता का, गुडघ्यासाठी गोळ्या घेतल्या होत्या का, पोट बिघडलं होतं का, हे फक्त तेच सांगू शकतात. ‘कधीपासून’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्या आठवणीत आहे.

सांगताना स्टेज हा शब्द पहिल्या वाक्यात आणू नकोस. लपवायचाही नाही, कागद त्यांच्या हातात द्यायचाच आहे, पण आधी अर्थ आणि मग शब्द. मी तुझ्या जागी असते तर साधारण असं म्हटलं असतं: ‘‘बाबा, तुमच्या रिपोर्टमध्ये मूत्रपिंडाचा एक आकडा अपेक्षेपेक्षा कमी आलाय. तो एवढ्यातच उतरलाय की आधीपासून तसाच आहे, हे डॉक्टरांना बघावं लागेल. त्यासाठी तुमची मदत हवी आहे. आम्ही इतके दिवस हे तुमच्यापासून लपवून ठेवलं, ते चुकलं.’’ शेवटचं वाक्य गाळू नकोस. ते रागावले तर रागावू दे. आणि आई जवळ असू दे. तिला वेगळं समजावत बसण्यापेक्षा बाबांबरोबर तिनेही हे ऐकलेलं बरं, म्हणजे दोघांना एकमेकांपासून काही झाकावं लागणार नाही.

आणि आता दादासाठी काम. १४ वर्षांच्या मधुमेहात क्रिॲटिनीनची तपासणी आधी अनेकदा झाली असणार. घरात कुठेतरी, कपाटाच्या वरच्या खणात म्हण किंवा जुन्या बॅगेत, त्या फाइली असतील. त्याने त्या सगळ्या काढाव्यात आणि एका कागदावर तारीख, क्रिॲटिनीनचा आकडा आणि दिलेला असेल तर ईजीएफआर, एवढंच एकाखाली एक लिहावं. लघवीचे जुने रिपोर्ट सापडले तर तेही. तीन वर्षांपूर्वीही ईजीएफआर ५० च्या आसपास होता असं निघालं, तर तीन महिने थांबायची गरज नाही, शब्द आत्ताच ठरला, पण त्याबरोबर हेही कळलं की तीन वर्षांत काही फारसं घसरलेलं नाही. मागच्या वर्षी तो ८५ होता असं निघालं, तर नऊ दिवस थांबू नका, दवाखान्यात फोन करून तो आकडा सांगा आणि लवकरची वेळ मागा. तो कागद डॉक्टरांना छापील वाक्यापेक्षा कितीतरी जास्त सांगेल. फाइली शोधायला दादाने बाबांनाच बरोबर घ्यावं. कुठे ठेवल्या आहेत, ते त्यांनाच ठाऊक असेल.

— तुझी डॉक्टरकाकू